सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न: कोणते आक्षेप खरोखर वजनदार आहेत?

प्रश्न

माणूस गरीब आहे की श्रीमंत, काम करतो की नाही, याची कोणतीही चौकशी न करता सरकारने प्रत्येकाला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, या कल्पनेकडे मी वळलो तो घरातल्या एका अनुभवामुळे. माझी आतेबहीण पतीच्या निधनानंतर सरकारी मासिक साहाय्यावर मुलाला वाढवत होती. तिला आठवड्यातून तीन दिवस हिशेब लिहिण्याचे काम मिळाले आणि दोन महिन्यांत साहाय्य बंद झाले, कारण तिचे उत्पन्न ठरवून दिलेल्या मर्यादेच्या किंचित वर गेले होते. तिने एका वहीच्या पानावर दोन रकाने आखले, 'काम केले तर' आणि 'काम सोडले तर'. दुसऱ्या रकान्याची बेरीज जास्त भरली. तिने काम सोडले आणि नव्याने अर्ज केला. दाखले गोळा होऊन साहाय्य परत सुरू होईपर्यंत सात महिने गेले.

ज्या व्यवस्थेत काम करणे तोट्याचे ठरते ती बदललीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. परंतु ही कल्पना मांडली की लोक आळशी होतील, खर्च परवडणार नाही आणि महागाई वाढेल, हे तीन आक्षेप हमखास पुढे येतात. यांपैकी कोणता आक्षेप पुराव्यावर टिकतो, आणि माझ्या लक्षात न आलेला एखादा अधिक गंभीर आक्षेप आहे का, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

प्रतिसाद १

आळसाच्या आक्षेपाविषयी आता बराच पुरावा हाती आहे, आणि तो या भीतीला फारसा दुजोरा देत नाही. फिनलंडने २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत २,००० बेरोजगारांना दरमहा ५६० युरो विनाअट दिले. काम मिळाले तरी रक्कम कापली जात नव्हती, म्हणजे आपल्या बहिणीची अडचण तिथे मुळातच काढून टाकली होती. त्या गटाच्या कामाचे दिवस घटले नाहीत, तुलनेच्या गटापेक्षा सरासरी सहा दिवसांनी वाढलेच. मात्र त्याच काळात इतर बेरोजगारांसाठीचे नियमही बदलले गेल्यामुळे या आकड्यावर फार भार टाकू नये. जीवनाविषयीचे समाधान आणि मानसिक स्वास्थ्य या गटात स्पष्टपणे चांगले आढळले. अलास्कात तेलाच्या उत्पन्नातून उभारलेल्या निधीचा लाभांश १९८२पासून जवळजवळ प्रत्येक रहिवाशाला दरवर्षी मिळतो. तिथे एकूण रोजगार घटल्याचे अभ्यासकांना दिसले नाही, अर्धवेळ काम मात्र काहीसे वाढले.

मला सर्वांत बोलके वाटते ते कॅनडातील डॉफिन या छोट्या गावाचे उदाहरण. मॅनिटोबा प्रांतात १९७०च्या दशकाच्या मध्यावर झालेल्या प्रयोगात तेथील कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी देण्यात आली होती. पुढे राजकारण बदलले, पैसा आटला आणि सर्व कागदपत्रे सुमारे १,८०० खोक्यांत बंद होऊन वर्षानुवर्षे पडून राहिली. एव्हलिन फोर्जे या अर्थतज्ज्ञ बाईंनी खूप नंतर त्या काळातील आरोग्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ८.५ टक्क्यांनी घटले होते आणि किशोरवयीन मुले अधिक काळ शाळेत टिकली होती. काम कमी केले ते मुख्यतः तान्ह्या बाळांच्या आयांनी आणि याच मुलांनी. याला आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

विरुद्ध बाजूचा पुरावाही दडवू नये. अमेरिकेत अलीकडे १,००० लोकांना तीन वर्षे दरमहा १,००० डॉलर देऊन पाहिले गेले. त्यांचे काम आठवड्याला सुमारे सव्वा तासाने कमी झाले. शिवाय हे बहुतेक प्रयोग मुदतीचे आहेत. तीन वर्षांनी पैसे थांबणार हे ज्याला ठाऊक आहे तो नोकरीवर पाणी सोडत नाही. आयुष्यभराच्या हमीने तो काय करील, हे या प्रयोगांवरून ठामपणे सांगता येत नाही.

प्रतिसाद २

माझा या कल्पनेला विरोध आहे, आणि त्याचा आळसाशी काहीही संबंध नाही.

माझा धाकटा भाऊ मणक्याच्या दुखापतीमुळे अठरा वर्षे अंथरुणाला खिळून आहे. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीही गजर लावून उठावे लागते. धडधाकट माणसाला आणि माझ्या भावाला सारखीच रक्कम मिळाली, तर कागदावर समानता होईल. पण पहिल्याच्या हाती ती वरकमाई असेल आणि भावाच्या बाबतीत ती पंधरवड्यात संपेल. सारख्या पैशातून अपंग माणसाला सारखे जीवन उभे करता येत नाही, हा मुद्दा अमर्त्य सेन यांनी पूर्वीच मांडला आहे, आणि आमच्या घरात तो रोज खरा ठरतो.

या कल्पनेचे समर्थक दोन विरुद्ध दिशांनी येतात, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. काहींना आहे त्या सेवांच्या जोडीला उत्पन्न हवे आहे. दुसऱ्या बाजूला मिल्टन फ्रीडमन यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी १९६२ साली उणे प्राप्तिकराची (म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा कमी कमावणाऱ्याकडून कर न घेता उलट सरकारनेच त्याला पैसे द्यायचे, अशी) कल्पना मांडली, ती बऱ्याच कल्याणकारी योजनांची जागा एकाच रोख रकमेने घ्यावी या हेतूने. 'आम्ही तुम्हाला पैसे दिले, आता उपचार आणि शुश्रूषा तुमची तुम्ही विकत घ्या,' असे सरकार म्हणू लागले, तर माझ्या भावासारख्यांनी कोणाच्या दारात जावे? मला सर्वांत गंभीर आक्षेप हाच वाटतो. किती मिळणार यापेक्षा त्याच्या बदल्यात काय काढून घेतले जाणार, हे मी आधी विचारीन.

प्रतिसाद ३

खर्चाविषयी लिहितो, कारण या मुद्द्यावर दोन्ही बाजू ढोबळ आकडे फेकतात. 'लोकसंख्या गुणिले रक्कम' हा हिशेब फसवा आहे. समजा, समाजात दहाच माणसे आहेत, पाच जण २० कमावतात आणि पाच जण ८०. प्रत्येकाला १० द्यायचे, म्हणजे खर्च १००. तो सर्वांच्या उत्पन्नावर २० टक्के कर लावून बरोबर भागतो. आता २० कमावणारा ४ भरतो व १० घेतो, म्हणजे त्याला ६ अधिक मिळतात. ८० कमावणारा १६ भरून १० घेतो, म्हणजे त्याचे ६ जातात. कागदावर १०० दिसणाऱ्या योजनेत एका गटाकडून दुसऱ्याकडे प्रत्यक्ष गेले ३०. तरीही कर सर्वांना २० टक्क्यांनी वाढवावा लागलाच, आणि मते मागताना तोच आकडा आडवा येतो. स्वित्झर्लंडमध्ये जून २०१६मध्ये सार्वमत झाले तेव्हा सुमारे ७७ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला.

महागाईचे उत्तर पैसा कुठून येतो यावर अवलंबून आहे. करातून आलेला पैसा नवा नसतो, त्यामुळे एकंदर भाव भडकण्याचे कारण कमी. नोटा छापून दिला तर भीती खरी आहे. मला अधिक काळजी वाटते ती उलट बाजूची. इराणने डिसेंबर २०१०मध्ये इंधन व अन्नावरील अनुदाने कापून जवळजवळ प्रत्येक नागरिकाला दरमहा ४,५५,००० रियाल देण्यास सुरुवात केली. लोकांनी त्यामुळे कामे सोडल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले नाही, पण रक्कम वर्षानुवर्षे तेवढीच राहिली आणि महागाईने तिचा बहुतांश भाग गिळला. प्रतिसाद २मधील भीती इथे आकड्यांत दिसते: अनुदान गेले ते गेलेच, आणि बदल्यात आलेली रक्कम झिजत राहिली. रक्कम किमतींच्या निर्देशांकाशी कायद्याने बांधलेली नसेल, तर अशा योजनेला मी पाठिंबा देणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. भावाविषयी वाचल्यानंतर माझे मत बदलले आहे. विशेष गरजांसाठीचे साहाय्य आणि सार्वजनिक सेवा यांना हात लावणारी कोणतीही योजना मला आता मान्य होणार नाही. मात्र बहिणीचा प्रश्न उरतोच. सर्वांना रक्कम देण्याऐवजी, उत्पन्न वाढेल तसे साहाय्य एकदम न तोडता हळूहळू कमी करत नेले, तर तिची अडचण सुटणार नाही का?

प्रतिसाद १

बरीचशी सुटेल. डॉफिनमध्ये हेच केले होते: कमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे साहाय्यातून ५० सेंट कापले जात, त्यामुळे काम केल्यावर घरात नेहमी काहीतरी जास्तच येई. पण त्यासाठी दर महिन्याची कमाई कोणीतरी तपासावी लागते. आपल्या बहिणीची वहीच्या पानावरची बेरीज या पद्धतीने बदलेल. पुन्हा दाखले गोळा करण्यात गेलेले सात महिने वाचतील याची हमी मात्र ही पद्धत देत नाही, आणि मी अजूनही सर्वांना सारख्या रकमेच्या बाजूने आहे तो एवढ्याच कारणासाठी.