नजरेने चालणारे बोलके सॉफ्टवेअर : आईला मराठीतून बोलता येईल असे कोणते? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी इंदूरच्या रामबागेत राहतो. माझ्या ७१ वर्षांच्या आईला दोन वर्षांपूर्वी मोटर न्यूरॉन आजाराचे निदान झाले. सुरुवात जीभ आणि घसा यांपासून झाल्यामुळे वाचा आधी गेली आणि हातांची ताकद नंतर. मधले काही महिने ती पाटीवर लिहून सांगत असे. दिवाळीपासून तेही थांबले. डोळ्यांची हालचाल मात्र शाबूत आहे आणि या आजारात ती बहुधा सर्वांत शेवटपर्यंत टिकते, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही नजरेने चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा शोध सुरू केला. तिला स्वच्छ ऐकू येते आणि बुद्धी पूर्वीइतकीच तल्लख आहे. तिने शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले आहे. आमच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिला आजही खपत नाहीत, आणि माझ्या प्रश्नाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

आतापर्यंत जे पाहिले ते सांगतो. स्वीडनच्या टोबी डायनावॉक्सचे कम्युनिकेटर ५ आणि इंग्लंडच्या स्मार्टबॉक्सचे ग्रिड ३ ही दोन्ही विंडोजवर चालतात. दोहोंत चौकटींची पाने आपल्याला हवी तशी मांडता येतात आणि चौकटीवर ठरावीक वेळ नजर रोखली की ती निवडली जाते. मात्र त्यांच्यासोबत वापरायचा खास आय ट्रॅकर (नजर टिपणारे उपकरण) आणि संगणक असा सगळा संच घेतला, तर खर्च लाखांत जातो. ऑप्टिकी मोफत आणि मुक्तस्रोत आहे, पण ते स्वतः मांडून घ्यावे लागते. विंडोजमध्ये २०१७ पासून नजरेने संगणक चालवण्याची सोय आहे. ती आली तेव्हा तिच्यात केवळ अमेरिकी इंग्रजी कीबोर्ड होता, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. आयआयटी मुंबईचे जेलो आणि चेन्नईचे आवाज ही आपल्याकडची ॲप चांगली आहेत, परंतु ती प्रामुख्याने चित्रांवर बोट ठेवून चालवायची आहेत. पेल्याचे चित्र दाखवले तेव्हा आईने डोळे मिटून घेतले. तिला अक्षरे हवी आहेत, हे आम्ही समजलो.

खरी अडचण भाषेची आहे. 'मला कूस बदलायची आहे' एवढे वाक्य देवनागरीत अक्षर-अक्षर लिहायचे झाले, तर काना, मात्रा, वेलांट्या आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून १९ वेळा नजर रोखावी लागते. जोडाक्षर आले की पाय मोडण्याची खूण वेगळी. इतके करून वाक्य तयार झाले, तरी ते मराठीत बोलणार कोण? आम्हाला दाखवलेल्या संगणकावर हिंदी आवाज होता. त्याने 'चहा'तला च 'चंद्रा'तल्यासारखा उच्चारला आणि 'बाळ'चे 'बाल' केले. आम्हा इंदूरकरांची मराठी हिंदीच्या शेजाराने वाढलेली आहे, तरी मराठीच्या बाईंना ते सहन होणे शक्य नव्हते. दुसरीकडे, दिवसभर आईजवळ असणाऱ्या मदतनीस बाईंना हिंदीच समजते. म्हणजे एकाच पडद्यावर दोन भाषा हव्यात आणि त्यांच्यात ये-जा आईला स्वतःला करता आली पाहिजे.

प्रात्यक्षिकाचा अनुभवही फारसा बरा नव्हता. विक्रेत्याचा माणूस सकाळी नऊला आला, पूर्वेच्या खिडकीशी त्याने संगणक मांडला आणि वीस मिनिटे यंत्राला आईचे डोळेच सापडेनात. शेवटी 'पेशंटला जमणार नाही' असे तो तिच्यासमोर म्हणाला. ती ऐकते आहे, हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

ज्यांनी घरी हे प्रत्यक्ष वापरले आहे त्यांच्याकडून मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. देवनागरीत लिहिण्याचे श्रम कमी करणारी मांडणी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये साधते? मराठी आवाजाची सोय कशी केलीत? आणि आईच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असून तिला द्विनाभी (बायफोकल) चष्मा आहे. यंत्राला तिचे डोळे न सापडण्याचे कारण तेच असेल का?

मांडवीकर, वडोदरा

माझ्या यजमानांना मेंदूच्या देठाशी पक्षाघाताचा झटका आल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षे, आम्ही हेच करीत आहोत. म्हणून आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते. आय ट्रॅकर डोळ्यांवर अवरक्त प्रकाश सोडतो आणि बुबुळावरची त्याची चमक व बाहुलीचा मध्य यांच्यावरून नजर कुठे आहे हे ठरवतो. उन्हातही अवरक्त प्रकाश भरपूर असतो; पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे ऊन तोंडावर आले की यंत्र गोंधळते. पडदा ओढून पुन्हा पाहा. द्विनाभी चष्म्याच्या रेघेमुळे चमक तुटू शकते, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून केवळ संगणकाच्या अंतरासाठी एकनाभी चष्मा करून घ्यावा. अंतर साधारण ६० सेंटीमीटर ठेवा. आई उशीला टेकून मागे रेललेल्या असतील, तर पडदाही तेवढाच कलता हवा. टेबलावर सरळ उभ्या ठेवलेल्या लॅपटॉपवर पापण्या आड येतात. शस्त्रक्रिया झालेला डोळा त्रास देत असेल, तर एकाच डोळ्याचा मागोवा घेण्याची निवडही करता येते.

आवाजाबद्दल आमचा तोडगा अगदी साधा आहे. ग्रिड ३ आणि कम्युनिकेटर ५ या दोन्हींत चौकटीमागे आपण ध्वनिमुद्रित केलेला आवाज ठेवता येतो. रोजची साठ-सत्तर वाक्ये आम्ही माझ्या दिरांच्या आवाजात भरली, कारण दोघा भावांचा आवाज सारखा आहे. गुजराती बोलणाऱ्या नर्ससाठी वेगळे पान आहे आणि प्रत्येक पानाच्या एकाच कोपऱ्यात पान उलटण्याची चौकट आहे. नवे वाक्य लिहायचे असेल तेवढ्यापुरताच यंत्राचा आवाज लागतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका : पडद्यावर काहीही न करणारी एक मोठी रिकामी जागा ठेवा. जिथे बघावे तिथे यंत्र बोलू लागले, तर माणसाला नुसते बघण्याचीही चोरी होते. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात यजमानांनी दर मिनिटाला 'पाणी' मागितले, आणि त्यांना तहान मुळीच नव्हती.

कळफलक (टोपणनाव)

संगणक हा माझा व्यवसाय आहे, म्हणून तांत्रिक बाजूपुरतेच लिहितो. ऑप्टिकी आय ट्रॅकर नसतानाही माउसने चालते, म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी मांडणी घरीच तपासता येईल. त्यात स्वतःचे कीबोर्ड एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून जोडता येतात आणि एका कळीवर एक अक्षर, अख्खा शब्द किंवा पूर्ण वाक्य ठेवता येते. आपली वर्णमाला अशा कामासाठी जणू आखूनच ठेवलेली आहे : पहिल्या पानावर क, च, ट, त, प हे पाच वर्ग, य ते ज्ञ असा एक गट आणि स्वरांचा एक गट, गट निवडला की त्यातली अक्षरे मोठ्या चौकटींत पुढच्या पानावर. निवडी दुप्पट होतात हे खरे, पण चौकटी मोठ्या झाल्याने चुका कमी होतात, आणि थकलेल्या नजरेला चूक पुसण्याचेच श्रम अधिक पडतात. सवय झाल्यावर सर्व अक्षरांचे एकच पान करावे. नजर रोखण्याची वेळ सुरुवातीला दीड सेकंद ठेवून हळूहळू उतरवत आणावी.

आवाजाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. विंडोजवरची असली सॉफ्टवेअर बहुधा संगणकात बसवलेल्या आवाजांच्या यादीतून आवाज उचलतात. मायक्रोसॉफ्टचे आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज चांगले आहेत, पण ते एज ब्राउझरमधून किंवा इंटरनेटवरच्या सेवेतून मिळतात. या यादीत ते आपोआप येत नाहीत. इ-स्पीक एनजी हे मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात मराठी आहे आणि ते इंटरनेटशिवाय चालते. आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे. अँड्रॉइड फोनवर गूगलचा मराठी आवाज पुष्कळ बरा आहे. गूगलचे लुक टू स्पीक हे ॲप फोनच्या कॅमेऱ्यावरच चालते : वाक्यांची यादी डावी-उजवी अशी विभागलेली असते, डोळे डावीकडे किंवा उजवीकडे फिरवले की ती निम्मी होत जाते आणि वर पाहिले की निवड रद्द होते. अक्षरे लिहिण्यासाठी त्याचा उपयोग नाही. प्रवासात किंवा दवाखान्यात ठरलेली वाक्ये बोलण्यासाठी आहे.

मांडवीकर, वडोदरा

वरच्या प्रतिसादातली वर्णमालेची कल्पना वाचून राहवले नाही. यंत्र येईपर्यंत थांबू नका. पारदर्शक प्लास्टिकच्या तक्त्यावर हेच गट कडेकडेने लिहा, मधे खिडकीसारखी जागा कापा आणि तक्ता तुमच्या व आईच्या चेहऱ्यांमध्ये धरा. आई आधी गटाकडे पाहतील आणि मग गटातल्या जागेकडे. समोरून त्यांची नजर तुम्हाला दिसते. वीज गेली, यंत्र बिघडले किंवा अंघोळीची वेळ असली की आजही आमच्याकडे तक्ताच लागतो.

धागाकर्ता, इंदूर

दोघांचे मनःपूर्वक आभार. रविवारी तक्ता केला. कवर्गातला ङ आणि चवर्गातला ञ सहसा लागत नाहीत, म्हणून त्या जागा मी मोकळ्या सोडल्या होत्या. आईने अर्ध्या तासात त्या दोन्ही जागांवर काय लिहायचे ते कळवले. ङ च्या जागी 'चुकले, पुन्हा' आणि ञ च्या जागी 'मला पूर्ण करू द्या', कारण दुसऱ्या अक्षरालाच मी शब्द ओळखून मोकळा होत होतो आणि ते बहुतेक वेळा चूक होते.

ऑप्टिकीत वर्गवार पाने माउसने तपासून झाली आहेत. रोजच्या मराठी वाक्यांसाठी माझा आवाज आईने नाकारला. धाकट्या मावशीचा चालेल म्हणाली, म्हणून मावशी पुढच्या आठवड्यात देवासहून येत आहे. हिंदीचे पान मदतनीस बाई स्वतःच्याच आवाजात भरणार आहेत. ग्रिड ३ची चाचणी प्रत सायंकाळच्या वेळी, पडदे ओढून आणि नव्या चष्म्याने पाहायची असे ठरले आहे. त्यासाठी दुसऱ्या विक्रेत्याशी बोलणे झाले आहे.

आता एकच प्रश्न उरतो. मांडवीकर, तुमच्याकडे एका बैठकीत किती वेळ लिहिणे जमते? आईचे डोळे दहा मिनिटांत लाल होतात, पापण्यांची उघडझापही कमी झाली आहे, आणि तिला थांबायला सांगितले की ती ञ कडे पाहते.