जीपीएसनं इनुइट शिकाऱ्यांची वाट चुकवली का?

रानवाट
कॅनडाच्या उत्तर टोकाला, नुनावुत प्रदेशातलं इग्लुलिक गाव. इनुइट म्हणजे या बर्फाळ मुलखातले मूळ रहिवासी. तिथले जुने शिकारी दिशा ओळखायचे ती पायाखालच्या बर्फावरून. वायव्येचा उआंगनाक वारा बर्फात जिभेसारखे कठीण उंचवटे कोरतो, त्यांना उकालुराइत म्हणतात. धुक्यात काही दिसलं नाही तरी हे उंचवटे कोणत्या कोनात ओलांडायचे ते ठाऊक असलं की माणूस घरी पोचायचा. आता पोरं पडद्यावरचा बाण बघून सरळ निघतात. त्या सरळ रेषेत पातळ बर्फ आहे हे यंत्राला काय कळणार? शिवाय थंडीत बॅटरी मान टाकते. सोय झाली, विद्या बुडाली.

खडूसराव
असहमत. १९५०-६०च्या दशकांत सरकारनं विखुरलेल्या तळांवरची इनुइट कुटुंबं कायमच्या वस्त्यांत आणली, मुलं शाळेत अडकवली. बापाबरोबर बर्फावर जाणार कधी? जीपीएस फार नंतरचं. उलट स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटारगाडी, आहे म्हणून नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी शिकार तरी होते.

रानवाट
सील हा समुद्री प्राणी बर्फातल्या भोकातून श्वास घेतो; गाडी ते भोक हुंगून काढत नाही. घसरगाडी ओढणारी कुत्री काढायची. वादळात घरही तीच शोधायची. आणि ती बंद पडत नसत!

मधुरा_क
रानवाट, कुत्री आपोआप नाही गेली. वस्त्यांमध्ये पोलिसांनी आणि अधिकाऱ्यांनी कितीतरी गोळ्या घालून मारली. इनुइटांच्याच संघटनेनं नेमलेल्या किकिक्तानी सत्य आयोगानं हे सगळं नोंदवलं, २०१९मध्ये कॅनडा सरकारनं माफी मागितली.

आणि तुम्ही दोघं पैशाचं बोलतच नाही आहात. कुत्र्याचं पोट सीलच्या मांसावर भरायचं. गाडीला पेट्रोल लागतं, पेट्रोलला रोकड. ती सीलची कातडी विकून यायची. १९८३मध्ये युरोपनं सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर आयातबंदी घातली. इनुइट मोठे सील मारतात, त्यांना सूटही होती, पण गिऱ्हाइकच उठलं. तेव्हापासून शिकारीला जायचं तर घरात कुणाचा तरी पगार हवा. मांस अजूनही वाटून खातात, पण गाडी कुणाच्या दारात उभी आहे ते बघा.

खडूसराव
हे पटलं. पण यंत्र म्हणजे नुसता तोटा, हे नाही. 'सिकू' म्हणजे समुद्रावरचा बर्फ; त्याच नावाचं अ‍ॅप २०१९मध्ये आलं, हडसन उपसागरातल्या सानिकिलुआकच्या संस्थेनं काढलेलं. शिकारी त्यात धोक्याचा बर्फ स्वतःच्या भाषेतल्या नावांनी नोंदवतात.

रानवाट
नोंदवणाऱ्याला तो बर्फ ओळखायला कुणी शिकवलं, ते सांगा आधी.