आईच्या स्तनातील गाठ, मामांचा आतड्याचा कर्करोग: संबंध असतो का?

प्रश्न
माझ्या आईचे वय 58 आहे. आंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या स्तनात हरभऱ्याच्या दाण्याएवढी टणक गाठ लागली, पण दुखत नाही म्हणून तिने तीन आठवडे कोणालाच सांगितले नाही. डॉक्टरांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची एक्स-रे तपासणी, आणि सुईची तपासणी सुचवली आहे. मात्र सुई टोचली की गाठ पसरते, असे नातेवाईक बजावत आहेत. माझ्या सख्ख्या मामांना चार वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. या दोन्हींचा काही संबंध असेल का?

उत्तर 1
ताई, तपासणी लांबवू नका. स्तनातील बहुतेक गाठी साध्या असतात, परंतु कर्करोगाची गाठही सुरुवातीला बहुधा दुखत नाही, त्यामुळे न दुखण्यावर विसंबून राहता येत नाही. सुईमुळे रोग पसरतो ही भीती निराधार आहे. उलट सुईने काढलेल्या तुकड्यावरूनच निदान होते आणि कर्करोग असल्यास तो कोणत्या प्रकारचा, म्हणजे कोणते औषध लागू पडेल, हेही ठरते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी आढळले. गाठ लवकर हाती लागण्याला एवढे मोल आहे.

उत्तर 2
आतड्याच्या बाबतीत आमचा अनुभव सांगते. माझ्या यजमानांना शौचावाटे रक्त जात असे. मूळव्याध असेल असे समजून आम्ही आठ महिने ताक आणि सुरणाच्या भाजीवर काढले. हिमोग्लोबिन 7.8 वर आले आणि जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी, झाली व गुदाशयाच्या थोडे वर गाठ सापडली. हा रोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरील लहानशा मोडापासून, ज्याला पॉलिप म्हणतात, साधारण दहा वर्षांत वाढतो आणि तो मोड कोलोनोस्कोपीतच कापून काढता येतो, हे शल्यविशारदांनी समजावले. ते आठ महिने अजून मनाला लागून आहेत.

उत्तर 3
आपल्या मूळ प्रश्नाविषयी: दोन्ही कर्करोग बहुतेक रुग्णांत आनुवंशिक नसतात. बीआरसीए जनुकांतील दोषाने स्तन व अंडाशयाचा, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारात मोठे आतडे व गर्भाशयाचा धोका वाढतो. त्यामुळे मामांच्या आजारातून आईची गाठ उद्भवली, असे म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटली असावी: आई मामांची सख्खी बहीण आहे, म्हणून स्तनाची गाठ साधी निघाली तरी तिच्या कोलोनोस्कोपीविषयी डॉक्टरांना विचारा. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी व मुलांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ही तपासणी करावी, असा सर्वसाधारण सल्ला असतो. निदानाच्या वेळी मामांचे वय काय होते?

प्रश्नकर्ती
सत्तेचाळीस. म्हणजे मामेभावालाही सदतिसाव्या वर्षी तपासून घ्यावे लागेल. मामींकडून जुने अहवाल मागवले आहेत. आई सुईच्या तपासणीला तयार झाली असून गुरुवारची वेळ मिळाली आहे.