मदत हवी आहे: जर्मनीहून इटलीला गाडीने, कुत्रीला बांधायचं कसं?

मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. फिंगस्टनच्या (ख्रिस्ती सणाच्या) सुट्टीत आम्ही दोघं आणि बुंदी स्टुटगार्टहून गार्डा तलावाला गाडीने निघतोय. वाटेत ऑस्ट्रिया, ब्रेनरचा घाट. पाचशे किलोमीटरच्या वर अंतर, सुट्टीची गर्दी धरली तर आख्खा दिवस. बुंदी म्हणजे आमची पुण्याची गल्लीतली कुत्री, 22 किलो.

मागच्या महिन्यात उल्मकडे जाताना ऑटोबानवर (महामार्गावर) अचानक स्टाऊ, म्हणजे गाड्यांची कोंडी लागली आणि नवऱ्याने कचकन ब्रेक मारला. बुंदी मागच्या सीटवर होती. अंगात फिरायला नेतो तोच हार्नेस, त्याला सीटबेल्टच्या बकलमध्ये खोचायचा पट्टा. पट्टा मुद्दाम लांब सोडलेला, 'बिचारीला हलता यायला हवं' म्हणून (हे शहाणपण माझंच). ती सीटवरून निघाली ती पुढच्या सीटच्या पाठीवर आदळून खाली पायांच्या जागेत. गाडी कुठे लागली नाही, तिचंही कोपरापाशी खरचटण्यावर निभावलं. घरी येऊन हार्नेस काढला तर छातीवरची शिवण चार बोटं उसवलेली आणि प्लॅस्टिकच्या बकलचा एक दात तुटलेला. पाकिटावर मात्र 'सुरक्षित' असं ठळक छापलं होतं.

सगळे म्हणतात डिकीत बॉक्स ठेवा. गाडी कॉम्बी (मागे लांब डिकीची) आहे, जागा आहे. पण ती मुंबईहून फ्रँकफुर्टला विमानात पिंजऱ्यातून आली. रेबीजची रक्ततपासणी, मग तीन महिने थांबणं, ते आम्ही निभावलं. पिंजऱ्यातली ती रात्र तिने अजून सोडलेली नाही. जाळीचं दार वाजलं की सोफ्यामागे. मग हार्नेसवरच भागवावं का? कुठला हार्नेस? आणि तिन्ही देशांत पोलिसांनी अडवलं तर काय?

प्रतिसाद:
कायद्याचं आधी सांगतो. जर्मनीत वाहतुकीच्या नियमांत कुत्रा म्हणजे चक्क सामान, आणि सामान नीट बांधलेलं हवं. नसेल तर दंड, कुणाला धोका झाला तर फ्लेन्सबुर्गच्या खात्यात (चालकांच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या) पॉइंटही. ऑस्ट्रियात तीच तऱ्हा. इटलीत एकच कुत्रा असेल तर चालवणाऱ्याला अडथळा होऊ नये एवढंच. एकाहून जास्त असतील तर पिंजरा किंवा मधे जाळी लागते. जर्मनीच्या हिशोबाने बांधलंत की पुढे काळजी नाही. ईयू पेट पासपोर्ट आणि रेबीजच्या लशीची तारीख तेवढी बघून ठेवा.

प्रतिसाद:
ताई, तुमचा घोळ त्या लांब पट्ट्यात आहे. गाडी थांबते, कुत्रा पट्टा ताणला जाईपर्यंत त्याच वेगाने जात राहतो आणि मग सगळा हिसका एकदम बसतो. 50च्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर वजनाच्या वीसपट जोर येतो. म्हणजे बुंदीचे चारशे किलोच्या वर. फिरायच्या हार्नेसची शिवण त्यासाठी केलेलीच नसते.

हार्नेसच घ्यायचा तर क्रॅश टेस्ट झालेला घ्या: छातीवर रुंद, गादीदार, कड्या धातूच्या. पट्टा इतकाच की बसता, आडवं होता येईल, सीटवरून खाली घसरता येणार नाही. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही अडकवू नका, मान जाईल. पुढच्या सीटवर तर नकोच, एअरबॅग आहे.

तरी माझं मत बॉक्सलाच. डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून, आडवा. फार मोठा घेऊ नका; उभं राहता, वळता, झोपता आलं की पुरे, मोठ्या बॉक्समध्ये कुत्रा आतच आपटतो. भीतीचं म्हणाल तर आत्ताच बॉक्स घरात आणा, दार काढून टाका, जेवण त्यातच द्या. दार अगदी शेवटी.

आणि थांब्यावर डिकी उघडण्याआधी दोरी हातात. घाबरलेला कुत्रा ऑटोबानवर पळाला की संपलं. चिपचा नंबर तासोकडे (हरवलेल्या प्राण्यांची नोंद ठेवणारी जर्मन संस्था) नोंदवलाय ना? फुकट आहे. भारतात चिप बसवली म्हणून इथे आपोआप नोंद होत नाही.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. तासोची नोंद राहिलीच होती, काल रात्री केली. लांब पट्टा कचऱ्यात, नवा हार्नेस मागवलाय. बॉक्सही आला, दार काढून दिवाणखान्यात ठेवलाय. पहिले तीन दिवस त्याला वळसा घालून जात होती. आज आईने पाठवलेली सुकट धुऊन आत टाकली. पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर, मान लांब करून सगळी चाटूनपुसून खाल्ली आणि उलट्या पावली बाहेर. अजून अठरा दिवस आहेत. तोवर मागचे पाय आत गेले तर बॉक्स, नाहीतर हार्नेस.