नमुन्याबरहुकूम विणूनही बाळाचा स्वेटर ११ सेंटिमीटर मोठा का झाला?

वनाझ_ते_रामवाडी:

नमस्कार. मी कोथरूडला राहते आणि नोकरीसाठी रोज वनाझहून रामवाडीपर्यंत मेट्रोने जाते. बसायला जागा मिळाली की पिशवीतून विणकाम बाहेर निघते. गेल्या वर्षभरात दोन मफलर, एक कानटोपी आणि आईची शाल एवढे काम बहुतांशी या प्रवासातच झाले. मफलर चार बोटे रुंद झाला तरी कोणी मोजायला येत नाही, त्यामुळे आपल्याला विणता येते असा माझा समज झाला होता. बहिणीच्या मुलासाठी स्वेटर हाती घेतला आणि तो समज उतरला.

भाचा डिसेंबरात सहा महिन्यांचा होईल. एका अमेरिकन संकेतस्थळावरून मी समोरून उघडणाऱ्या स्वेटरचा इंग्रजी नमुना उतरवून घेतला. त्यात सहा महिन्यांच्या बाळासाठी तयार स्वेटरचा घेर ४८ सेंटिमीटर दिला होता आणि पाठ व पुढचे दोन्ही भाग मुंड्यापर्यंत एकसंध विणायचे असल्याने सुरुवातीलाच १०६ टाके घालायचे होते. लोकर नमुन्यात सांगितलेल्या डीके, म्हणजे साधारण मध्यम, जाडीचीच, ॲक्रिलिकची, तुळशीबागेतून आणली. सुया मात्र विकत घेतल्या नाहीत. नमुन्यात ६ नंबरची सुई होती आणि मावशीने दिलेल्या पेटीत डोक्यावर ६ कोरलेली जोडी अगदी हाताशीच होती.

प्रत्येक चौथ्या ओळीला मी टाके मोजत होते. एकही टाका वाढला नाही आणि एकही सुटला नाही. तरीही मुंड्यापर्यंत पोहोचल्यावर काम पलंगावर पसरून टेप लावला, तेव्हा घेर ५९ सेंटिमीटर भरला. बहिणीला फोटो पाठवला, तर तिने "हा माझ्यासाठी आहे का?" असे विचारले. टाके बरोबर, लोकर बरोबर, सुईचा नंबर बरोबर, मग चूक कुठे झाली? हे सगळे उसवावे की तसेच पुढे रेटावे? आणि पुण्याच्या थंडीसाठी ॲक्रिलिक योग्य आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

---

निवृत्त_टूलरूमवाला:

ताई, तुमचे टाके बरोबर आहेत. घोटाळा सुईच्या नंबरात आहे. मी भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर पत्नीकडून विणकाम शिकलो. त्यामुळे हा प्रश्न वाचल्यावर मला राहवले नाही.

मावशींच्या पेटीतल्या सुया जुन्या ब्रिटिश मोजणीच्या असणार. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तीच मोजणी चालत आली. तिच्यात नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. हे उलटे वाटते खरे, पण त्याचे मूळ तारेच्या मापनात आहे. तार साच्याच्या भोकांतून ओढून बारीक करतात, आणि जितक्या जास्त वेळा ओढावी तितकी ती बारीक होते, म्हणून बारीक तारेचा नंबर मोठा. ब्रिटनमध्ये १८८४ साली कायदेशीर झालेल्या तारमापनात ८ नंबरची तार साधारण ४.०६ मिलिमीटर आणि १० नंबरची ३.२५ मिलिमीटर जाड असते. विणकामाची ८ नंबरची ब्रिटिश सुई ४ मिलिमीटरची आणि १० नंबरची ३.२५ मिलिमीटरची असते, यावरून नाते लक्षात येईल. अमेरिकन मोजणी याच्या बरोबर उलट चालते. तिथे नंबर वाढला की जाडी वाढते.

आता तुमच्या बाबतीतली गंमत पाहा. अमेरिकन ६ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते आणि ब्रिटिश ६ नंबरची ५ मिलिमीटरची. (८ नंबरला हीच अदलाबदल उलट दिशेने होते.) म्हणजे तुम्ही आकडा अचूक पाळलात आणि सुई पूर्ण १ मिलिमीटरने जाड घेतलीत.

हिशोबही जुळतो. डीके लोकर ४ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरात साधारण २२ टाके देते. म्हणजे सेंटिमीटरला २.२ टाके, आणि १०६ भागिले २.२ केले की ४८ सेंटिमीटर येतात. तुमचा घेर ५९ आला, म्हणजे तुमचे सेंटिमीटरला १.८ टाके पडले आहेत. विणलेल्या भागावर मधोमध पट्टी ठेवून पाहा, १० सेंटिमीटरात १८ टाके मोजले जातील. चार टाक्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो १०६ टाक्यांवर पसरला की ११ सेंटिमीटर होतो.

नंबर विसरून यापुढे फक्त मिलिमीटर पाहावेत. सुईवर मिलिमीटर लिहिलेले नसतील तर भोकांची मापपट्टी मिळते. सुई ज्या भोकातून अडखळत न जाता, पण ढिली न पडता आरपार जाईल ते तिचे माप. मी स्वतः जाडी अचूक मोजणारे व्हर्नियर कॅलिपर वापरतो आणि त्यावरून घरात माझी थट्टा होते. मात्र आमच्या घरातल्या बावीस जोड्यांपैकी तीन जोड्यांतल्या दोन सुया एकमेकींच्या मापाच्या नाहीत, हे त्या कॅलिपरमुळेच उघड झाले.

---

उलटसुलट:

काकांनी सुईचे गणित उत्तम समजावले आहे, पण नुसती सुई बदलून काम भागेल असे मला वाटत नाही. मी सदाशिव पेठेत राहते आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ विणते आहे. एकच लोकर आणि एकच सुई दोघींच्या हातात दिली तरी दोन मापे येतात, कारण प्रत्येकीचा हात वेगळा असतो. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा हात इतका घट्ट की त्यांचे काम सुईवर सरकवताना घाम फुटे, आणि माझा हात सैल. आम्ही दोघींनी मिळून एका स्वेटरची पाठ आणि पोट वाटून घेतले होते. तो स्वेटर शेवटी कोणालाही झाला नाही.

म्हणून नव्या सुईवर आधी चौकोन विणावा. दहा सेंटिमीटरात २२ टाके हवे असतील तर २२ टाके घालू नयेत. निदान ३० घालावेत, कारण कडेचे टाके नेहमी ओढलेले किंवा सैल असतात आणि ते मोजणीत धरायचे नसतात. एक ओळ सुलट आणि एक उलट अशी १२ सेंटिमीटर उंची करावी, टाके बंद करावेत, चौकोन धुऊन सपाट वाळवावा आणि मगच मधल्या भागात पट्टी ठेवावी. अर्धा टाका आला तर तोही मोजावा, अर्ध्या टाक्याला सोडून देण्याची सवय अंगलट येते. टाके २२ पेक्षा कमी आले तर सुई बारीक घ्यावी, जास्त आले तर जाड घ्यावी. हात मुद्दाम आवळून विणू नये, कारण तो आवळलेपणा दहा ओळींपुरताच टिकतो.

उसवण्याविषयी विचारले आहे, तर माझे मत उसवावे असेच आहे. लोकर उसवताना गुंडा लगेच करू नका. खुर्चीच्या पाठीला गुंडाळत लडी करा, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगा. ॲक्रिलिकचे वळसे लोकरीइतके साफ जात नाहीत, पण पुन्हा विणण्याजोगे होतात. इस्त्री मात्र लावू नका. गरम इस्त्रीने ॲक्रिलिक मरते, लोळागोळा होऊन लोंबते आणि नंतर कशानेही पूर्ववत होत नाही. आणखी लोकर आणावी लागली तर वेष्टनावरचा लॉट नंबर जुळवून आणा. रंग तोच असला तरी लॉट बदलला की बाही वेगळी दिसते, आणि ती दुकानात नव्हे, उन्हात दिसते.

---

साखळीखांब:

मी मुख्यतः क्रोशाचे काम करते, म्हणून थोडे विषयाला लागूनच, पण शेजारचे लिहिते. अमेरिकन आणि ब्रिटिश मोजणीचा हा घोळ क्रोशात नंबरापुरता राहत नाही, टाक्यांच्या नावांतच शिरतो. अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकन डबल क्रोशे, म्हणजे आपला नेहमीचा खांब, ब्रिटिश पुस्तकात ट्रेबल होतो. आईच्या जुन्या पुस्तकातला रुमाल मी व्हिडिओवर शिकलेल्या नावांनी विणायला घेतला, तेव्हा पाकळ्यांऐवजी गोल पापड तयार झाला होता. नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द दिसला तर तो नमुना अमेरिकन समजावा, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

पुण्याच्या थंडीबद्दल सांगायचे तर इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी २८ ते ३० अंशांपर्यंत चढतो. बाळाला सकाळी घातलेला स्वेटर अकरा वाजता काढावाच लागतो. त्यामुळे समोरून उघडणारा नमुना निवडलात हे उत्तम झाले, डोक्यातून काढण्यात झोपलेले बाळ जागे होते. ॲक्रिलिक धुवायला सोपे असते, पण त्यात घाम मुरत नाही. खाली सुती झबले राहणार असेल तर चालेल. मी स्वतः सूत वापरते. मात्र सुताला लोकरीची लवचीकता नसते, सुती कपडा स्वतःच्या वजनाने लांबतो. म्हणून सुताचा चौकोन धुतल्यावर ओला असतानाच एक दिवस चिमटे लावून टांगून ठेवावा आणि मग मोजावा. आणखी एक, लहान बाळासाठी जाळीची वीण टाळावी. बोटे अडकतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

---

बिबवेवाडीकर:

सर्वांचा आदर ठेवून थोडा मतभेद नोंदवतो. बाळाच्या कपड्यासाठी वेगळा चौकोन विणणे म्हणजे दोन संध्याकाळी वाया घालवणे. मी आधी त्याच लोकरीची टोपी विणतो. टोपीचे माप चुकले तरी ती कोणाच्या ना कोणाच्या डोक्यावर बसते, आणि टोपीवर मोजलेले टाके स्वेटरसाठी वापरता येतात.

---

उलटसुलट:

टोपी दोन सुयांवर सपाट विणून शिवणार असाल तर तुमचे म्हणणे मला मान्य आहे. गोल सुईवर विणत असाल तर नाही. गोल विणताना सगळ्या ओळी सुलटच येतात, आणि सपाट विणताना एक आड एक ओळ उलट असते. बहुतेकींचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा थोडा सैल पडतो, म्हणून दोन्हींचे माप सारखे येईलच असे नाही. या ताईंचा स्वेटर सपाट विणायचा आहे, तेव्हा त्यांचा चौकोनही सपाटच हवा.

---

वनाझ_ते_रामवाडी:

सर्वांचे मनापासून आभार. काकांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. पट्टी ठेवून मोजले तर १० सेंटिमीटरात १८ टाकेच आले. पेटीतल्या सगळ्या सुया घेऊन मी एका दुकानात गेले. तिथल्या गृहस्थांनी "सुई म्हणजे सुई, नंबर काय बघायचा" असे म्हणत मापपट्टी मात्र काढून दिली. ६ नंबरची सुई ५ मिलिमीटरच्या भोकात बसली, आणि पेटीतच ८ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटरची जोडी पडून होती.

त्या जोडीवर मी दोन चौकोन विणले, एक घरी आणि एक मेट्रोत. घरच्या चौकोनात २१ टाके आले आणि मेट्रोतल्या चौकोनात २०. नीट आठवून पाहिल्यावर कारण सापडले. सकाळी डेक्कनला गर्दी चढते, मी कोणाला तरी जागा देऊन उभी राहते, पिशवी खांद्याला लटकते आणि लोकरीचा धागा बोटाभोवती गुंडाळायचा राहून जातो, त्यामुळे तो नुसता हातातून वाहत जातो. म्हणजे माझा हात मुळात सैल आहे आणि उभ्याने तो आणखी सैल पडतो. मग ९ नंबरची, ३.७५ मिलिमीटरची जोडी विकत आणली, घरीच बसून तिसरा चौकोन विणला, धुतला, गच्चीवर सावलीत वाळवला. २२ टाके आले. पट्टी तीन वेळा ठेवून पाहिली.

जुने काम काल रात्री उसवले. आई लडी धरून बसली होती आणि सगळा वेळ "एवढे विणलेले उसवतात का कोणी" असे म्हणत होती. लडी आता न्हाणीघरात टांगल्या आहेत. एक शंका उरली आहे. स्वेटर फक्त घरी विणायचा ठरवला तर तो डिसेंबरापर्यंत होणार नाही. मेट्रोत त्यातला कोणता भाग विणला तर माप बिघडणार नाही?

---

उलटसुलट:

बसायला जागा मिळाली तरच विणा, आणि मेट्रोत समोरच्या पट्ट्या विणा. त्या सगळ्या सुलट ओळींच्या असतात, अरुंद असतात, आणि नंतर शिवताना अर्धा सेंटिमीटर इकडे तिकडे सामावून घेता येतो. दोन्ही पट्ट्यांच्या ओळी मोजून सारख्या ठेवा. उभे राहायची वेळ आली की सुईच्या टोकाला रबर लावून काम पिशवीत टाका. मुंड्यापर्यंतचा घेर आणि बाह्या मात्र घरीच, एकाच खुर्चीत बसून विणा.

---

निवृत्त_टूलरूमवाला:

आणि नव्या जोडीतल्या दोन्ही सुया एकाच मापाच्या आहेत ना, तेवढे एकदा पाहून घ्या. भोसरीला येणे झाले तर कॅलिपर आहेच.