पब्लिक पॉलिसीसाठी परदेशी स्कॉलरशिप: एनओएस, राजर्षी शाहू की चिव्हनिंग? आणि एसओपी कसा लिहायचा?

बांधावरचा_पोरगा

नमस्कार, जय भीम. पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी परभणी जिल्ह्यातला, वय २४, एससी. बीए पॉलिटिकल सायन्स, ६१ टक्के. बीए झाल्यावर दोन वर्षं एका छोट्या संस्थेत रोजगार हमीवर काम केलं, म्हणजे गावोगाव फिरून मजुरांचे फॉर्म भरून देणं, पंचायत समितीत चकरा मारणं वगैरे. तिथंच डोक्यात आलं की पब्लिक पॉलिसीत मास्टर्स करायचं, शक्यतो यूकेत कारण एका वर्षात होतं. वडील शाळेत शिपाई आहेत, वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत. ते म्हणतात गप एमपीएससी कर, लंडन काय आपल्या बापाचंय का.

प्रश्न असे की एनओएस (केंद्राची), राजर्षी शाहू (राज्याची) आणि चिव्हनिंग (ब्रिटिश सरकारची) यातलं माझ्यासारख्याला काय झेपेल, ६१ टक्क्यांवर कोण दारात तरी उभं करेल का, आणि एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा कोर्स का करायचा ते सांगणारं निवेदन) का काय ते लिहायला बसलो की चार ओळींच्या पुढं जातच नाही. इंग्रजी वाचता येतं, बोलताना ततपप होतं. कुणी या वाटेनं गेलेलं असेल तर सांगा प्लीज.

फाईल_पुढे_सरकवा

भावा, मी स्वतः गेलो नाही पण धाकट्या बहिणीची अख्खी फाईल मीच केली त्यामुळे कागदांचा दांडगा अनुभव आहे. एसओपी नंतर, आधी सांग जात वैधता आहे का? जातीचा दाखला नाही म्हणत मी, व्हॅलिडिटी म्हणतोय, म्हणजे तो दाखला पडताळून खरा ठरल्याचं प्रमाणपत्र. नसेल तर आज, आत्ता, जिल्हा जात पडताळणी समितीकडं अर्ज टाक, कारण बाकी सगळं दोन महिन्यात उभं राहतं पण व्हॅलिडिटीत आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर आडनावात एक काना जास्त निघाला की बसा हेलपाटे मारत. आमचे त्यात सात महिने गेले. सोबत उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, वडिलांचा फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), आणि विद्यापीठातनं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) काढून ठेव, चार-पाच प्रती एकदमच काढ म्हणजे परत जायला नको.

आता स्कीम. एनओएस म्हणजे केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज. १२५ जागा, त्यातल्या ११५ एससीला, बाकीच्या भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांना. उत्पन्न ८ लाखांच्या आत, वय ३५च्या आत, पदवीला ६० टक्के, म्हणजे तू एका टक्क्यानं वाचलास. विद्यापीठ क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये पाहिजे आणि ऑफर लेटर अनकंडिशनल, म्हणजे कुठली अट बाकी नसलेलं पाहिजे, हे लोकांना शेवटच्या आठवड्यात कळतं.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आपल्या राज्याची, ७५ जागा, कारभार पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातनं चालतो. इथं क्रमवारीची अट जास्त कडक, २०० च्या आतलं विद्यापीठ. मधे २०२४ ला दहावीपासून ७५ टक्क्यांची अट घातलेली, पोरांनी आवाज उठवला तेव्हा मागं घेतली. त्यामुळं दरवर्षीची जाहिरात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबायचं नाही.

टेम्सकाठची

मी चिव्हनिंगवर जाऊन आले, आता परत पुण्यात. तुझ्या '६१ टक्क्यांवर कोण उभं करेल' यावर आधी बोलते. यूकेतली बरीच विद्यापीठं देशानुसार टक्के बघतात, वेबसाइटवर भारतासाठी वेगळा तक्ता असतो, आणि पॉलिसीच्या कोर्सला तर कामाचा अनुभव खरंच मोजतात. ऑक्सफर्डचा एमपीपी (मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी) एक वर्षाचा आहे, पण फक्त तोच धरून बसू नकोस. ससेक्सला इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज आहे, आयडीएस म्हणतात, तिथला गव्हर्नन्स, डेव्हलपमेंट अँड पब्लिक पॉलिसीचा एमए बघ, तुझ्या रोजगार हमीच्या कामाला तो जास्त जवळचा आहे. आता गंमत बघ, डेव्हलपमेंट स्टडीज या विषयाच्या क्रमवारीत ससेक्स कितीतरी वर्षं जगात पहिलं, पण एकूण क्यूएस क्रमवारीत ते २०० च्या बाहेर आहे. म्हणजे वरच्या दादांनी सांगितलेल्या अटींप्रमाणे राजर्षी शाहूला ते चालणार नाही, एनओएसला चालेल. विषयात जगात एक नंबर असून उपयोग शून्य. असो.

चिव्हनिंगचं वेगळं आहे. ती ब्रिटिश सरकारची, जातीचा उत्पन्नाचा काही संबंध नाही, वयाची वरची मर्यादा नाही. २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. घाबरू नको, आठवड्याला ३५ तास आणि वर्षाला ४० आठवडे धरले तर दोन वर्षात तेवढे भरतात. बिनपगारी आणि स्वयंसेवी काम पण धरतात. तीन कोर्स निवडायचे आणि त्यातल्या एकाची तरी अनकंडिशनल ऑफर जुलैपर्यंत हातात पाहिजे. कोर्स संपला की दोन वर्षं मायदेशात राहायचं, ही अट आहे. चिव्हनिंगला स्वतःला आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) लागत नाही पण विद्यापीठाला लागेलच, ते आत्ताच देऊन टाक. अर्ज सहसा ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद होतो. इंटरव्ह्यू पुढच्या वर्षी. ततपप चालतं रे, माझ्यापण इंटरव्ह्यूत झालं होतं, मी सरळ म्हटलं जरा थांबून बोलते.

आणि एसओपीच्या त्या चार ओळी इथंच टाक. बघू.

बांधावरचा_पोरगा

ताई लाज वाटतेय पण टाकतो. इंग्रजीत लिहिलेलं, मराठीत सांगतो:

'लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांनी प्रेरित होऊन मी वंचितांसाठी काम करण्याचे ठरवले. भारत हा तरुणांचा देश आहे आणि चांगली धोरणे ही काळाची गरज आहे. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात शिकून मला देशसेवा करायची आहे.'

इथंच अडकतो.

टेम्सकाठची

अडकणारच, कारण यात तू कुठंच नाहीयेस. हा परिच्छेद लातूरच्या पोरानं लिहिला, नागपूरच्या मुलीनं लिहिला, कुणीही लिहिला तरी चालेल. वाचणारा माणूस दिवसाला अशा ढीगभर चिठ्ठ्या वाचतो, 'लहानपणापासूनच' दिसलं की त्याचा चहा घ्यायला उठायचा टाइम होतो. बाबासाहेबांचं नाव काढ असं मी म्हणत नाही, पण नुसतं नाव नको. १९१३ ला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना साडेअकरा पौंड घेऊन ते कोलंबियाला गेले ते करारावर सही करून, परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार. म्हणजे 'शिकून परत येऊन काय करणार' हा प्रश्न त्यांनाही चुकला नव्हता, तुलाही तोच विचारतायत.

तर आता साधं सांग. त्या दोन वर्षात असं काय बघितलंस की ज्यानं डोकं फिरलं? एकच गोष्ट. गाव, महिना, कागद, सगळं आठवून सांग. एसओपीचा विचार करू नको, चहाच्या टपरीवर मित्राला सांगतोयस असं सांग.

बांधावरचा_पोरगा

ठीकेय. नमुना ४. म्हणजे मजुरानं काम मागायचा फॉर्म. तो भरून दिला की ग्रामपंचायतीनं नमुना ५ म्हणजे पोच द्यायची असते, आणि पोचच्या तारखेपासून १५ दिवसात काम नाही मिळालं तर बेकार भत्ता द्यावा लागतो. आता होतं काय की फॉर्म घेतात पण पोच देत नाहीत, साहेब मीटिंगला गेलेत, शिक्का कपाटात आहे, उद्या या. पोचच नाही म्हटल्यावर १५ दिवस मोजायचे कधीपासून? म्हणजे कायदा आहे, पण घड्याळच चालू होऊ देत नाहीत. मार्च महिन्यात एका गावात ४० बायांनी फॉर्म दिले आणि एकीलाही पोच नाही. मग आम्ही फॉर्म ग्रामपंचायतीत द्यायचं सोडलं आणि सगळ्याजणी एका दिवशी तहसीलला गेलो, आवक-जावकला दिले आणि प्रत्येक झेरॉक्सवर तारखेचा शिक्का मारून घेतला. बाराव्या दिवशी पाझर तलावाचं गाळ काढायचं काम निघालं. सगळ्यांना नाही मिळालं, २६ जणींना मिळालं. बाकीच्या तोवर ऊसतोडीच्या राहिलेल्या उचलीपायी मुकादमाकडं गेलेल्या.

पण हे ऑक्सफर्डवाल्यांना काय सांगायचं, त्यांना नमुना ४ काय कळणार?

टेम्सकाठची

अरे वेड्या हेच सांगायचं!! 'घड्याळच चालू होऊ देत नाहीत', पॉलिसीच्या वर्गात हेच सेमिस्टरभर शिकवतात, हक्क कागदावर असतो आणि तो मिळायचा की नाही हे एका पोचपावतीवर ठरतं. तू ते शिक्क्यानं सोडवलंस. चिव्हनिंगला नेतृत्व आणि लोकांशी संबंध कसे जोडता यावर लिहावं लागतं, तिथं पोरं कॉलेजच्या गॅदरिंगचं लिहितात, तुझ्याकडं ४० बाया आणि एक आवक-जावकचा क्लार्क आहे. २६ चा आकडा तसाच ठेव, ४० करू नकोस. उरलेल्या १४ जणी कुठं गेल्या हे लिही, कारण तिथून तुझा पुढचा प्रश्न निघतो. आणि पाया म्हणून दोन ओळी टाक की रोजगार हमी मुळात महाराष्ट्राची, १९७२ च्या दुष्काळातनं मोठी झालेली, १९७७ ला राज्यानं कायदा केला आणि देशाचा कायदा २००५ ला आला.

फाईल_पुढे_सरकवा

ताईंशी सहमत पण एक धोक्याची घंटा वाजवतो. एनओएसच्या २०२२ च्या नियमात एक कलम आलंय, भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास असे विषय किंवा कोर्स चालणार नाहीत. तेव्हा लय गदारोळ झालेला. आता तू अर्जात 'मराठवाड्यातल्या दलित मजूर स्त्रियांचा अभ्यास' असं लिहिलंस तर कलमात अडकवायला आयताच सापडशील. कोर्सचं नाव पब्लिक पॉलिसी आहे तेवढं ठीक आहे, पण विषय लिहिताना तुलनात्मक ठेव. सामाजिक सुरक्षेच्या योजना वेगवेगळ्या देशात कशा पोचतात, ब्राझीलची २००३ ची बोल्सा फामिलिया, म्हणजे गरीब कुटुंबांना रोख मदतीची योजना आहे, असं काहीतरी.

दुसरं पैशाचं. एनओएस फी, विमान, व्हिसा देते पण यूकेचा निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड, म्हणजे महिन्याला ८२५. व्हिसावाले स्वतःच लंडनच्या बाहेर महिन्याला हजाराच्या वर खर्च धरतात. लंडन असेल तर विसरच. आणि २०२५ ला १०६ जणांची निवड झाली पण सुरुवातीला ४० जणांनाच पत्रं दिली, बाकीच्यांना सांगितलं निधी असेल तर. म्हणून एकाच दोरीवर लटकू नकोस.

नदीपलीकडचा

मी जरा कडू बोलतो. आपल्या प्रश्नांवर शिकायला सरकारी पैशानं जायचं आणि अर्जात आपलाच प्रश्न लपवून ब्राझील लिहायचं, हे मला पटत नाही. दादांचा सल्ला व्यवहारी आहे, मान्य. पण हे आपण 'युक्ती' म्हणून इतक्या सहज सांगतो याचंच वाईट वाटतं.

फाईल_पुढे_सरकवा

वाईट मलापण वाटतं हो. पण बहिणीची फाईल घेऊन मी रांगेत उभा होतो तेव्हा वाईट वाटून घ्यायला टाइम नव्हता.

शिंगणापूर_एक्सप्रेस

वडिलांच्या बाजूनं कुणीच बोलेना म्हणून मी बोलतो. एमपीएससी नको असेल तर नको, पण मधला रस्ता आहे की. मुख्यमंत्री फेलोशिप बघ, वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के आणि वर्षभराचा अनुभव मागतात, साधारण ६० जण घेतात. २०२५-२६ ला मानधन आणि प्रवासखर्च मिळून महिना ६१,५०० होतं. तुझं बसतंय सगळं. दिल्लीत पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, एका खासदाराबरोबर संसदेत काम, पण २५ ची वयोमर्यादा आहे, तुला घाई करावी लागेल. यातलं काही मिळालं तर अनुभव वाढेल, घरी पैसे जातील, आणि वडिलांना गावात सांगायला होईल पोरगं मंत्रालयात आहे. यूके कुठं पळून जात नाही, चिव्हनिंगला तर वयच नाही.

टेम्सकाठची

हे बरोबर आहे, मी पण दुसऱ्या प्रयत्नात गेले. पहिल्या वेळी माझ्या एसओपीत पण 'लहानपणापासूनच' होतं :)

बांधावरचा_पोरगा

सगळ्यांचे लय आभार. काल रात्री वडिलांना नमुना ४ वालं वाचून दाखवलं, ते म्हणाले हे तर तू आम्हाला कधी सांगितलंच नाहीस. एमपीएससीचं काही बोलले नाहीत, बघू. व्हॅलिडिटी अकरावीला काढलेली निघाली, आईनं ट्रंकेत ठेवलेली, फक्त लॅमिनेशन केलंय, ते चालतं का? उत्पन्नाचा दाखला काढायला सोमवारी सेतूत जातो. नदीपलीकडच्या दादांचं डोक्यात राहिलंय. चिव्हनिंगला मराठवाडा लिहितो, एनओएसचं अजून ठरलं नाही.

फाईल_पुढे_सरकवा

लॅमिनेशनचं समितीच्या ऑफिसात विचार, आणि तोवर दोन्ही बाजू स्कॅन करून स्वतःलाच मेल करून ठेव. सोमवारी सकाळी दहाच्या आत जा, अकरानंतर सर्व्हर झोपतो.