केपचे पांढरे शार्क कोणी घालवले: ऑर्कांनी की माणसांनी?

रावपुरेकर
रविवारी भाचीला कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेलं होतं. १९४४ साली महीच्या मुखाकडे वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा तिथे आहे, बडोद्यात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेला. ती बरगड्या मोजत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मामा, एवढ्याला कोण खातं?"

मी म्हटलं, ऑर्का, म्हणजे टोळीने शिकार करणारा किलर व्हेल. ऑस्ट्रेलियात ब्रेमर बेजवळ २०१९ मध्ये ऑर्कांच्या टोळीने जवळजवळ एवढाच निळा देवमासा मारला होता. त्यातला एक ऑर्का त्याच्या तोंडात शिरून जीभ खात होता.

तेव्हापासून डोक्यात दक्षिण आफ्रिका घोळते आहे. २०१७ च्या फेब्रुवारी ते जून या महिन्यांत तिथल्या केपच्या किनाऱ्यावर, गान्सबायला, पाच पांढरे शार्क मरून लागले. त्यातली सगळ्यात मोठी मादी ४.९ मीटरची. छातीकडच्या दोन पंखांच्या मधोमध फाडलेलं, आतलं यकृत गायब, बाकी शरीर जवळपास जसंच्या तसं. हे काम पोर्ट आणि स्टारबोर्ड या दोन नर ऑर्कांचं. एकाच्या पाठीवरचा पंख डावीकडे कललेला, दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणून खलाशांच्या भाषेतली ही नावं. त्यानंतर तिथले शार्क आठवडेच्या आठवडे, पुढे तर महिनोन्‌महिने दिसेनासे झाले.

माझं म्हणणं सरळ आहे: केपचे शार्क ऑर्कांनीच घालवले. निसर्गात बलवान आला की दुसऱ्याला वाट सोडावी लागते. प्रत्येक वेळी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची आपल्याला सवय लागली आहे.

विश्वामित्रीकाठ
दादा, भाचीला दिलेलं उत्तर बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही.

दक्षिण आफ्रिकेने पांढऱ्या शार्कला १९९१ मध्येच कायद्याचं संरक्षण दिलं, असं करणारा तो पहिला देश. पण पोहणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी डरबनला १९५२ पासून लावलेली जाळी काही निघाली नाहीत, आणि त्यांत पांढरे शार्क आजही मरतात. शिवाय लांब दोरीला शेकडो गळ लावणाऱ्या बोटी छोटे शार्क उपसून नेतात, आपल्याकडे ज्यांना मुशी नाहीतर मोरी म्हणतात त्या जातीचे. पांढऱ्या शार्कची पिल्लं वाढतात ती याच माशांवर.

आता हे बघा: पांढऱ्या शार्कची मादी साधारण ३३ व्या वर्षी वयात येते. म्हणजे एक पिढी उभी राहायला तिने तीन दशकं जाळ्यांतून आणि गळांतून वाचायचं. दोन ऑर्कांच्या नावावर २०२२ पर्यंत किनाऱ्याला लागलेले आठ मृतदेह आहेत. एवढ्याने अख्खा समुद्र रिकामा होतो?

रावपुरेकर
मृतदेह मोजून काही कळणार नाही, इथे भीती मोजायला हवी. गावच्या पाणवठ्यावर एकदा वाघाचा ठसा दिसला की गुरं तिकडे फिरकतात का?

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरालोन बेटांचं उदाहरण घ्या. २ नोव्हेंबर २००९ ला तिथे ऑर्का आले. थांबले तीन तासांहून कमी. त्या वेळी शरीरावर टॅग लावलेले १७ पांढरे शार्क बेटांभोवती होते, ते सगळे बाहेर पडले आणि त्या हंगामात परतलेच नाहीत. हत्ती-सीलची शिकार करायला आलेले शार्क हातातोंडाशी आलेला घास सोडून गेले. तिथे ना जाळी होती, ना गळ.

मांडवीवाली
तुमच्या आकड्यांत मला पडायचं नाही, पण एक गोष्ट खुपते. एवढं जनावर मारायचं आणि फक्त कलेजी खाऊन टाकून द्यायचं? आमच्या आजीने ताटात एक शीत टाकू दिलं नाही. वाघ पोटासाठी मारतो म्हणून त्याला आपण दोष देत नाही. इथे मला हिशेब दिसत नाही, नासाडी दिसते. एवढ्या हुशार जनावराकडून तर नाहीच पटत.

दांडिया बाजार
ताई, हिशेब आहे, तोही अगदी पक्का. शार्कला हवेची पिशवी नसते. पाण्यात तरंगायला त्याला यकृतातलं तेल मदत करतं, म्हणून ते यकृत प्रचंड असतं, शरीराच्या वजनाच्या पाव हिश्शापर्यंत. म्हणजे सगळ्यात तेलकट, सगळ्यात ताकदीचं अन्न एकाच जागी.

आणि बाकीचं का सोडलं? लहानपणी वडिलांबरोबर वेरावळच्या धक्क्यावर मी एका मोरीच्या अंगावरून हात फिरवला होता. डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत लागलं. उलटा फिरवला आणि बोटांची सालं निघाली, पॉलिश पेपरवर घासल्यासारखी. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या समुद्रात शार्क खाणारे ऑर्का आहेत, त्यांचे दात झिजून हिरड्यांना टेकलेले सापडले आहेत. दात जपले तर ऑर्काचंच भलं. मऊ ते घ्यायचं आणि खरखरीत ते सोडायचं, यात शहाणपण आहे. सोडलेलंही वाया जात नाही, समुद्राच्या तळाशी त्यावर जगणारे पुष्कळ.

मारण्याची रीत तर बघा. शार्कला उलटं केलं की तो निपचित पडतो, हे ऑर्कांना ठाऊक आहे. १९९७ मध्ये फॅरालोनजवळ एका ऑर्काने पांढऱ्या शार्कला असंच धरून ठेवलेलं पर्यटकांच्या बोटीवरून दिसलं होतं. जून २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मॉसेल बेला स्टारबोर्डने एकट्याने अडीच मीटरचा शार्क दोन मिनिटांच्या आत संपवला आणि यकृत तोंडात धरून बोटीजवळून पोहत गेला. पांढरा शार्क एकटा वाढतो, जन्मल्यापासून त्याला शिकवणारं कोणी नसतं. ऑर्का आई आणि आजीच्या पाठीमागे वर्षानुवर्षं फिरून शिकतो. मला तर फरक तिथे दिसतो.

मांडवीवाली
दातांचं माहीत नव्हतं. नासाडी हा शब्द मागे घेते. तरी त्या ४.९ मीटरच्या मादीचं वाईट वाटतंच. तिला तेवढं व्हायला किती वर्षं लागली असतील.

विश्वामित्रीकाठ
तेच तर! वयात आलेली मादी गेली की तिची पुढची सगळी वेतं गेली. आधीच जाळ्यांनी पोखरलेल्या कळपाला ऑर्काचा घाव सोसत नाही, भरलेल्या कळपाला तो सोसला असता. फॅरालोनचे शार्क दुसऱ्या वर्षी परत येतात, हे दादांनी सांगितलं नाही.

ऑगस्ट २०२४ चा पूर आठवा. विश्वामित्रीचं पाणी सोसायट्यांत शिरलं, पाण्याबरोबर मगरी आल्या. आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सहा फुटी मगर रात्रभर पडून होती, डोळे मिटून, अंगाला चिखल वाळलेला. सकाळी जो तो म्हणे, "मगरी फार वाढल्यात." नदीचं पात्र कोणी आवळलं, हे एकानेही विचारलं नाही. केपमध्येही तेच चाललंय. समोर जनावर दिसलं की आपलं बोट तिकडे जातं.

ऑर्काला आपण काही सांगू शकत नाही. जाळी काढणं आणि छोट्या शार्कची मासेमारी आवरणं मात्र माणसाच्या हातात आहे.

दांडिया बाजार
एक भर घालतो. २०२३ मध्ये काही संशोधकांनी मांडलं की दक्षिण आफ्रिकेतले पांढरे शार्क घटले नाहीत, पूर्वेकडे सरकले. त्यावर दुसऱ्या गटाने जोरदार हरकत घेतली. केपटाऊनजवळच्या फॉल्स बेचं चित्र मात्र स्पष्ट आहे: पांढरे शार्क गेल्यावर तिथे सील वाढले, सात कल्ल्यांचे शार्क वाढले आणि ते ज्यांना खातात ते मासे घटले.

रावपुरेकर
जाळी काढावीत, यात माझा वाद नाही, आणि फॅरालोनचं परतणं मी सांगायला हवं होतं. पण एक तुम्हीही बघा. फॅरालोनला ऑर्का क्वचित येतात, म्हणून शार्क परततात. गान्सबायला पोर्ट आणि स्टारबोर्ड पुन्हा पुन्हा आले. जाळी तर १९५२ पासून आहेत, मग शार्क २०१७ मध्येच का गेले? याचं उत्तर मिळेपर्यंत मी माझ्या मतावर आहे.

भाची आता विचारते आहे, "मग शार्क परत येतील का?" तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

विश्वामित्रीकाठ
तोवर येत्या रविवारी तिला काळा घोड्याच्या पुलावर आणा. उन्हं वर आली की मगरी काठावर येऊन पडतात. मी दुर्बीण घेऊन येतो.